जपानी पासपोर्टवर लिश्टेनस्टाइनला जाताना: एटियास, ईईएस आणि पासपोर्टवरचं नाव

लिश्टेनस्टाइनचं क्षेत्रफळ 160 चौरस किलोमीटर. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधोमध बसलेल्या या देशाला स्वतःचा विमानतळ नाही. त्यामुळे परवानगीचा प्रश्न देशाच्या हद्दीवर सुटतच नाही. जपानी प्रवाशाची तपासणी होते ती आधी टोकियोच्या नारिता किंवा हानेदा विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर आणि नंतर शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, तो जिथे पहिलं पाऊल ठेवतो त्या विमानतळावर. झुरिककडून ऱ्हाइन नदी ओलांडून राजधानी फाडुट्सला पोचेपर्यंत कुणी पासपोर्ट मागतही नाही. म्हणून सगळी तयारी घर सोडण्याआधीची, आणि त्यातला सर्वांत मोठा भाग म्हणजे अर्जातलं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी जुळवणं.

आधी चित्र स्पष्ट करून घ्या

जपानी नागरिकाला पर्यटन, नातेवाइकांची भेट किंवा व्यावसायिक बैठका यांसाठी व्हिसा लागत नाही. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस शेंगेन क्षेत्रात राहता येतं. लिश्टेनस्टाइन 19 डिसेंबर 2011 पासून शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे तिथले दिवस वेगळे मोजले जात नाहीत. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली सगळ्यांचे मिळून 90.

या व्हिसामुक्त प्रवासावर आता दोन नव्या व्यवस्था आल्या आहेत आणि लोक त्यांची सर्रास सरमिसळ करतात. ईईएस म्हणजे सीमेवरची प्रवेश-निर्गमनाची नोंद. ती 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि पूर्ण अंमलबजावणीसाठी 10 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली गेली. तिच्यासाठी आधी अर्ज नाही, शुल्कही नाही. एटियास म्हणजे निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी. तिची सुरुवात युरोपीय संघाने 2026 च्या शेवटच्या तिमाहीत ठरवली आहे. शुल्क 20 युरो. 18 वर्षांखालच्यांना आणि 70 वर्षांवरच्यांना शुल्क माफ आहे, पण अर्ज मात्र त्यांचाही लागतो. तान्ह्या बाळाचासुद्धा.

एटियास सुरू झाल्यावर पहिले किमान सहा महिने संक्रमणाचा काळ आहे. बाकीच्या अटी पूर्ण असतील तर तेवढ्या काळात केवळ एटियास नाही म्हणून प्रवेश नाकारला जाणार नाही. त्यानंतर आणखी किमान सहा महिन्यांची सवलत आहे, पण ती फक्त संक्रमणकाळ संपल्यानंतर पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी. जो त्या दरम्यान एकदा येऊन गेला, त्याला दुसऱ्या वेळी परवानगी दाखवावीच लागेल. या सवलतींच्या भरवशावर बेत आखू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. 20 युरो वाचवण्यासाठी काउंटरवर नियम समजावत बसणं परवडत नाही.

अर्ज घ्यायला सुरुवात होण्याआधी कुणी एटियास 'काढून देतो' म्हणत असेल तर तो पैसे उकळतो आहे. खरं संकेतस्थळ एकच, युरोपा डॉट ईयू या पत्त्याखालचं. जपानी भाषेत सजवलेली, सरकारी वाटणारी आणि कितीतरी पट रक्कम मागणारी संकेतस्थळं शोधयंत्रावर बरीच वर दिसतात. मध्यस्थाकडून अर्ज भरून घेणं बेकायदा नाही. पण तिथे तुमच्या पासपोर्टचा सगळा तपशील तिसऱ्याच्या हाती जातो आणि चूक त्याने केली तरी विमान तुमचं चुकतं.

एटियास कुणाला लागत नाही

जर्मनीत, फ्रान्समध्ये किंवा स्वित्झर्लंडमध्ये निवास-परवाना घेऊन राहणाऱ्या जपानी नागरिकाला लागत नाही. त्याने पासपोर्टसोबत ते परवान्याचं कार्ड बाळगायचं. दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसावर असलेल्यालाही लागत नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या जपानी माणसाला मात्र लागतं, कारण ब्रिटनचा निवास-परवाना इथे चालत नाही.

व्हिसाची सवलत पासपोर्टला आहे, जपानमधल्या वास्तव्याला नाही. एकाच घरात एकाचा पासपोर्ट जपानी आणि दुसऱ्याचा भारतीय असेल, तर भारतीय पासपोर्टवाल्याला जपानचं रेसिडेन्स कार्ड कितीही वर्षांचं असलं तरी शेंगेन व्हिसाच लागतो. लिश्टेनस्टाइनसाठी तो अर्ज स्वित्झर्लंडच्या दूतावासामार्फत होतो. त्याला आठवडे लागतात, त्यामुळे कुटुंबाच्या तारखा त्या व्हिसाप्रमाणे ठरवा.

पासपोर्ट आधी, बाकी सगळं नंतर

शेंगेनचे दोन नियम आहेत. शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा आणि तो गेल्या 10 वर्षांत दिलेला हवा. जपानचा लाल पासपोर्ट 10 वर्षांचा आणि निळा 5 वर्षांचा, त्यामुळे दुसरी अट सहसा आपोआप पूर्ण होते. पहिली मात्र अडवते.

त्याहून महत्त्वाचं हे की एटियास तीन वर्षांसाठी किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालतं. पासपोर्ट दहा महिन्यांत संपणार असेल तर परवानगीही दहा महिन्यांचीच. जपानमध्ये मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली की पासपोर्ट नवा करून घेता येतो. तेव्हा अशा वेळी आधी नवा पासपोर्ट, मग अर्ज. 24 मार्च 2025 पासून जपानी पासपोर्टचं माहितीचं पान प्लास्टिकचं झालं आणि छपाई एका ठिकाणाहून होऊ लागली. त्यामुळे अर्ज केल्यापासून हातात येईपर्यंत साधारण दोन आठवडे धरावेत. पूर्वीच्या आठवडाभराच्या हिशोबावर विसंबून राहू नका.

परवानगी पासपोर्टच्या क्रमांकाला चिकटलेली असते. लग्नानंतर आडनाव बदललं, पासपोर्ट हरवला किंवा पानं संपली म्हणून नवा घेतला, तर जुनी परवानगी निरुपयोगी. उरलेली दोन वर्षं नव्या पासपोर्टवर 'वळती' होत नाहीत. नवा अर्ज, नवं शुल्क.

अर्ज भरताना जपानी पासपोर्ट कुठे दगा देतो

अर्ज लांबलचक नाही. नाव, जन्माच्या वेळचं आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-वडिलांची नावं, पत्ता, ईमेल, फोन, पासपोर्टचा क्रमांक आणि तारखा, शिक्षणाची पातळी, व्यवसायाचा गट, पहिल्या मुक्कामाचा देश. त्यानंतर गुन्हे, युद्धक्षेत्रातलं वास्तव्य आणि एखाद्या देशाने निघून जायला सांगितलं होतं का, याविषयीचे प्रश्न. पासपोर्ट समोर असेल तर अर्ध्या तासात उरकतो. पण पुढच्या मुद्द्यांवर खरोखर थांबा.

नावाचं रोमन स्पेलिंग. जपानी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची हेपबर्न पद्धत जपानी पासपोर्ट पाळतो. तिच्यात ब, म, प यांच्या आधीचा 'न' हा 'एम' होतो. म्हणून आडनाव होन्मा असेल तर पासपोर्टवर एच-ओ-एम-एम-ए असतं; क्रेडिट कार्डावर किंवा विमान कंपनीच्या सदस्य-खात्यात मात्र माणसाने वर्षानुवर्षं एच-ओ-एन-एम-ए लिहिलेलं असतं. दीर्घ 'ओ'चंही तसंच. ओनो नावाचा एक माणूस पासपोर्टवर ओ-एन-ओ असतो, दुसऱ्याने विनंती करून मध्ये 'एच' घालून घेतलेला असतो. अर्जात काय लिहायचं ते ठरवण्याचा एकच मार्ग आहे. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी, प्रत्येकी 44 चिन्हांच्या दोन ओळी असतात. यंत्र त्याच वाचतं. तिथे जे आहे तेच अर्जात आणि तेच तिकिटावर. सदस्य-खात्यातून आपोआप भरलं जाणारं नाव ही चुकीची सर्वांत नेहमीची जागा आहे. तिकीट काढण्याआधी ते खातं उघडून बघा.

कंसातलं नाव. परदेशी जोडीदाराचं आडनाव किंवा माहेरचं आडनाव जपानी पासपोर्टवर कंसात जोडून घेता येतं. पण ते नाव तळाच्या दोन ओळींत नसतं आणि चिपमध्येही नसतं. म्हणून मुख्य नावाच्या रकान्यात ते लिहू नका. माहेरचं असेल तर जन्माच्या वेळच्या आडनावाच्या रकान्यात आणि अन्य असेल तर 'इतर नावे' या रकान्यात. तिकीट मुख्य नावावरच काढा.

जन्मस्थळ. इथे जवळजवळ प्रत्येकजण अडखळतो. बहुतेक देशांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ छापलेलं असतं. जपानच्या पासपोर्टवर नसतं. तिथे 'रजिस्टर्ड डोमिसाइल' म्हणून एका प्रांताचं नाव असतं, ते होन्सेकीचं, म्हणजे कुटुंबाची नोंद जिथे आहे त्या जागेचं. माणूस ओसाकात जन्मलेला असतो आणि पासपोर्टवर आजोबांच्या काळापासूनचं कागोशिमा असतं. अर्ज जन्मस्थळ विचारतो, तेव्हा खरोखर जिथे जन्म झाला ते शहर लिहा. माहीत नसेल तर कोसेकीच्या, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यात सापडतं.

तारखा. घरचे कागद शोवा, हेइसेइ, रेइवा अशा कालगणनेत असतात. शोवा 60 म्हणजे 1985, हेइसेइ 1 म्हणजे 1989, रेइवा 1 म्हणजे 2019. पासपोर्टवर मात्र दिवस, महिना, इसवी सन असा क्रम असतो. कोसेकीतून मनातल्या मनात रूपांतर करण्याऐवजी पासपोर्टवरून उतरवा.

पासपोर्ट क्रमांक. दोन अक्षरं आणि सात अंक. पहिल्या दोन जागांवर अक्षरंच, पुढे अंकच, हे लक्षात ठेवलं की शून्य आणि 'ओ' यांचा घोळ होत नाही. क्रमांकात एक अंक चुकला तर मिळालेली परवानगी दुसऱ्याच, कदाचित अस्तित्वातच नसलेल्या पासपोर्टची असते, आणि ते कळतं थेट काउंटरवर.

फोन आणि ईमेल. देशाचा क्रमांक 81 लावल्यावर मोबाइलच्या सुरुवातीचं शून्य गाळायचं. ईमेलबाबत जास्त काळजी घ्या. मोबाइल कंपनीने दिलेला ईमेल पत्ता अनेकदा अनोळखी परदेशी पत्त्यांवरून आलेले संदेश आत येऊच देत नाही. अर्ज मिळाल्याची पोच, अधिक माहितीची मागणी आणि निर्णय, सगळं ईमेलवर येतं. माहितीच्या मागणीला मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून संगणकावर उघडता येणारा साधा ईमेल द्या आणि नको असलेल्या संदेशांची पेटीही बघत राहा.

पहिल्या मुक्कामाचा देश. विमान झुरिकला उतरतं आणि पहिली रात्र फाडुट्समध्ये, असं असेल तर लिश्टेनस्टाइन निवडा. झुरिकला दोन रात्री काढून पुढे जाणार असाल तर स्वित्झर्लंड. नंतर बेत बदलला तरी परवानगी सगळ्या 30 देशांसाठी असते, म्हणजे शेंगेनचे 29 आणि सायप्रस.

गुन्ह्यांच्या आणि युद्धक्षेत्राच्या प्रश्नांना खरं उत्तर द्या. बातमीदारी किंवा मदतकार्यासाठी कुणी युद्धग्रस्त भागात गेलेलं असेल तर 'हो' म्हटल्याने आपोआप नकार येत नाही. पुढचे प्रश्न येतात आणि माणूस ते वाचतो. लपवलेलं मात्र परवानगी मिळाल्यावरही रद्द करण्याचं कारण ठरतं.

मुलांचा अर्ज आई-वडील किंवा कायदेशीर पालक भरतात. प्रत्येकाचा वेगळा.

निर्णय किती दिवसांत

अर्ज शेंगेन माहिती प्रणाली, युरोपोल, हरवलेल्या पासपोर्टची इंटरपोलची यादी अशा नोंदींशी यंत्राने पडताळला जातो. काहीच जुळलं नाही तर बहुतेकांना काही मिनिटांत परवानगी मिळते. काही जुळल्यासारखं वाटलं तर अर्ज फ्रॉन्टेक्स या युरोपीय संघाच्या सीमा-संस्थेच्या वॉर्सामधल्या केंद्रीय कक्षाकडे आणि गरज पडल्यास संबंधित देशाच्या कक्षाकडे जातो. निर्णयाला चार दिवस, जादा माहिती मागितली तर 14 दिवसांपर्यंत आणि मुलाखतीला बोलावलं तर 30 दिवसांपर्यंत. एकदा हरवला म्हणून कळवलेला आणि नंतर घरात सापडलेला पासपोर्ट वापरू नका; तो रद्द झालेला असतो आणि इंटरपोलच्या यादीत तसाच दिसू शकतो.

या 30 दिवसांच्या शक्यतेमुळे अर्ज तिकीट आणि हॉटेलच्या आधी करावा. परवानगी तीन वर्षं चालणार असल्याने लवकर करण्यात तोटा काहीच नाही. ती आली की संदेश मिटवण्याआधी नाव, क्रमांक आणि जन्मतारीख पासपोर्टशी पुन्हा ताडून पाहा. नकार आला तर कारण आणि कोणत्या देशाने निर्णय घेतला ते लिहिलेलं असतं. त्या देशात अपील करता येतं. चूक साधी असेल तर दुरुस्त करून नवा अर्ज करणं सहसा जास्त सोपं.

कोणत्या मार्गाने

सर्वांत सुटसुटीत मार्ग नारिता ते झुरिक थेट. सगळी तपासणी झुरिकला एकदाच होते. तिथून रेल्वेने सारगान्स किंवा बुक्स या स्विस स्थानकापर्यंत, आणि पुढे लिश्टेनस्टाइनच्या लीमोबिल सेवेची बस फाडुट्सपर्यंत.

हेलसिंकी, फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा व्हिएन्नामार्गे गेलात तर शेंगेनमधला प्रवेश तिथेच होतो. पुढचं झुरिकचं विमान देशांतर्गत असल्यासारखं. ईईएसमध्ये पहिल्यांदा नोंद होताना चेहऱ्याचं छायाचित्र आणि चार बोटांचे ठसे घेतात. 12 वर्षांखालच्या मुलांचे ठसे नाहीत, फक्त छायाचित्र. ठसे द्यायला नकार म्हणजे प्रवेशाला नकार. नोंद तीन वर्षं राहते, त्यामुळे पुढच्या वेळी काम झटपट होतं. पण पहिल्या वेळी, लांबच्या विमानातून एकदम उतरलेल्या शेकडो प्रवाशांच्या रांगेत, एका तासाचं कनेक्शन हा जुगार आहे. किमान दोन-अडीच तास ठेवा आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे चुकलं तर पुढे पोचवणं कंपनीची जबाबदारी.

लंडनमार्गे जात असाल तर ब्रिटनची वेगळी प्रवास-परवानगी आहे, ईटीए नावाची. जपानी नागरिकांना ती 8 जानेवारी 2025 पासून लागते. हीथ्रोला पासपोर्ट तपासणी न ओलांडता आतल्या आत विमान बदललं तर लागत नाही. सामान घेऊन बाहेर पडून पुन्हा चेक-इन करायचं असेल तर लागते. ब्रिटनची परवानगी शेंगेनला चालत नाही आणि शेंगेनची ब्रिटनला.

ऑस्ट्रियाच्या फेल्डकिर्शकडून येताना एक फरक आहे. लिश्टेनस्टाइन 1924 पासून स्वित्झर्लंडच्या सीमाशुल्क क्षेत्रात आहे, त्यामुळे शानवाल्डच्या नाक्यावर स्विस अधिकारी उभे असू शकतात. ते पाहतात मुख्यतः सामान. 2025 पासून माणशी 150 स्विस फ्रँकपर्यंतच्या वस्तू करमुक्त आहेत. पासपोर्ट मात्र हॉटेलात ठेवू नका, अंगावर असू द्या.

सीमेवर विचारलं तर

एटियास म्हणजे प्रवेशाची हमी नाही. अधिकारी कारण, मुक्कामाचा पत्ता, परतीचं तिकीट आणि खर्चाची सोय विचारू शकतो. हे सगळं कागदावर जवळ ठेवा. फोनची बॅटरी बारा-चौदा तासांच्या प्रवासानंतर दगा देते. व्हिसामुक्त प्रवाशाला विम्याची सक्ती नाही, पण आल्प्समध्ये हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर त्याचा खर्च घरदार हलवणारा असतो. विमा घ्याच.

90 दिवसांची मोजणी

येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. समजा कुणी 1 एप्रिल ते 30 मे असे 60 दिवस ऑस्ट्रियात राहिला आणि 15 जुलैला पुन्हा झुरिकला उतरला. 15 जुलैपासून मागे 180 दिवस मोजले की ते 60 दिवस पूर्णपणे आत येतात. उरले 30. म्हणजे त्याने 13 ऑगस्टपर्यंत बाहेर पडायला हवं. 'मध्ये बाहेर पडलो की मोजणी नव्याने सुरू' हा समज चुकीचा आहे. पूर्वी पुसट शिक्क्यांमुळे अशी गफलत निभावून जाई. आता ईईएस स्वतःच मोजतं आणि जादा राहिल्याची नोंद पुढच्या एटियासच्या वेळी समोर येते.

परवानगीवर नोकरी करता येत नाही. 90 दिवसांहून जास्त राहायचं असेल तर फाडुट्सच्या परदेशी नागरिक आणि पासपोर्ट कार्यालयाकडून निवास-परवाना लागतो. लिश्टेनस्टाइन हे परवाने अतिशय मोजके देतं, तेव्हा 'आधी जाऊ, मग बघू' इथे चालत नाही.

शिक्का आणि हरवलेला पासपोर्ट

फाडुट्सच्या पर्यटन केंद्रात पासपोर्टवर आठवणीचा शिक्का पैसे घेऊन मारून देतात. जपानी प्रवाशांना शिक्के गोळा करण्याची हौस असते, हे आम्ही जाणतो. पण तो शिक्का सीमा-अधिकाऱ्याचा नाही आणि एखाद्या कडक देशाचा अधिकारी त्याबद्दल हरकत घेऊ शकतो. वहीवर किंवा पोस्टकार्डावर मारून घ्या.

पासपोर्ट हरवला तर आधी लिश्टेनस्टाइनच्या पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. फाडुट्समध्ये जपानचा दूतावास नाही. लिश्टेनस्टाइनचं काम स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा दूतावास बघतो. तिथे जाण्या-येण्यातच जवळजवळ दिवस जातो, म्हणून निघण्याआधी फोन करून कोणते कागद आणायचे ते विचारा. नव्या पासपोर्टला वेळ लागत असेल तर परतीपुरतं प्रवासपत्र मिळतं, पण ते घेऊन पुढे इटली-फ्रान्स फिरता येत नाही. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची छापील प्रत, कोसेकीच्या उताऱ्याची प्रत आणि दोन छायाचित्रं पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवली असतील तर हे काम कितीतरी लवकर होतं. झुरिकला उतरल्याचा बोर्डिंग पासही जपून ठेवा. नवा कागद आणि ईईएसमधली जुन्या पासपोर्टची नोंद यांचा मेळ निघताना बसला नाही, तर तुम्ही केव्हा आलात याचा पुरावा तोच.